खिडकी बंद, खेळ सुरू

प्रतिनिधी, कळवण

सप्तशृंगगडावरील कोजागरीची यात्रा आटोपून जेमतेम आठवडा झाला होता. त्याच सुमारास, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, गड ज्या कळवण तालुक्यात येतो तेथील घराघरांतल्या आणि दुकानांतल्या संगणकांच्या बाबतीत एक महत्त्वाची घटना घडली आणि बहुतेकांना तिचा पत्ताही लागला नाही. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचे नियमित पाठबळ त्या दिवशी थांबविले. संगणक बंद पडला नाही, पडद्यावर अंधार झाला नाही. सुरक्षेसाठी दरमहा येणाऱ्या मोफत दुरुस्त्या तेवढ्या थांबल्या. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदतवाढ कंपनीने देऊ केली खरी. पण ती मुदतवाढच.

'विंडोज ११ घ्या' हे याचे सरळ उत्तर. अडचण अशी, की ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली ही प्रणाली वाटेल त्या संगणकावर अधिकृतपणे बसत नाही. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ किंवा त्यानंतरचा असावा लागतो. तालुक्याच्या गावी पोहोचणारे संगणक बहुधा कोरे करकरीत नसतात. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेली, नाशिकच्या दुकानात पुसूनपासून पुन्हा विकली गेलेली यंत्रे येथे येतात आणि पुढे पाच-सात वर्षे इमानेइतबारे चालतात. यंत्र धडधाकट आहे, पण त्याची प्रणाली निवृत्त झाली आहे, अशी ही अवस्था.

अशा वेळी जाणकार मंडळी लिनक्सचे नाव सुचवितात. लिनक्स मोफत आहे, त्याच्या दुरुस्त्या नियमित येतात, जुन्या यंत्रावर ते चपळ चालते. पत्रे टंकलिखित करणे, इंटरनेट पाहणे, चित्रपट लावणे या कामांत काही अडत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटते. हरकत येते ती घरातल्या शाळकरी किंवा महाविद्यालयीन सदस्याकडून, आणि ती एकाच वाक्यात असते : त्यावर गेम चालत नाहीत.

हे वाक्य २००८ साली बरेचसे खरे होते. आज ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कोणते, हे ठाऊक असेल तर नव्या संगणकाचा खर्च वाचू शकतो. ठाऊक नसेल तर चालता संगणक भंगारात जातो किंवा पाठबळ संपलेल्या प्रणालीवर बेधडक वापरला जातो.

खेळ अडतो कोठे?

विंडोजसाठी बनविलेला खेळ लिनक्सवर का चालत नाही, याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. दोन्हींची 'भाषा' वेगळी, म्हणून संगणकाला तो खेळ कळतच नाही, असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. संगणकाचा प्रोसेसर दोन्हीकडे तोच असतो. बेरीज करा, ही संख्या त्या जागी ठेवा, अमुक अट पुरी झाली तर तमुक सूचनेकडे उडी मारा, अशा ज्या लक्षावधी बारीक सूचनांचा खेळ बनलेला असतो, त्या प्रोसेसरला जशाच्या तशा समजतात. मग विंडोज असो वा लिनक्स.

घोडे अडते ते खेळाला बाहेरून काही हवे असते तेव्हा. कळवणच्या शेतकऱ्याला हे कांद्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. कांदा घेऊन आलेला शेतकरी थेट परदेशच्या ग्राहकाकडे जात नाही. तो बाजार समितीच्या आवारात येतो. तेथे ट्रॅक्टर लावायची जागा ठरलेली, लिलावाची रीत ठरलेली, वजनकाटा ठरलेला, शेवटी हातात पडणाऱ्या हिशोबपट्टीचा नमुनाही ठरलेला. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकातील अशीच बाजार समिती होय. खेळ स्वतः हार्ड डिस्कला हात लावत नाही, पडद्यावर स्वतः रंग भरत नाही, स्पीकरमधून स्वतः आवाज काढत नाही. 'ही फाइल उघडून द्या', 'एवढ्या आकाराची चौकट काढा', 'हा आवाज वाजवा' अशा विनंत्या तो प्रणालीकडे करतो. त्या विनंत्यांची नावे, त्यांचा क्रम आणि त्यांचा नमुना विंडोजमध्ये ठरलेला आहे. असे नमुने एकदोन नाहीत, हजारो आहेत.

आता हाच शेतकरी दुसऱ्या राज्यातील बाजारात गेला, असे समजा. माल तोच आहे, ट्रॅक्टर चालतो आहे. पण त्याने विचारलेल्या नावाचा काटा तेथे नाही आणि त्याच्या हातातील कागद तेथे कोणी ओळखत नाही. लिनक्सवर विंडोजच्या खेळाचे नेमके हेच होते. फायलींचे पत्ते लिहिण्याची पद्धतही निराळी. विंडोजमध्ये 'सी' ड्राइव्ह असतो, लिनक्समध्ये तसे काही नसते. विंडोजला फाइलच्या नावातील मोठी व लहान इंग्रजी अक्षरे सारखीच. लिनक्सला ती वेगळी वाटतात. एवढ्याशा फरकानेही खेळ आपली साठविलेली फाइल 'सापडत नाही' म्हणून रुसून बसतो.

यावर दोन उपाय संभवतात. एक म्हणजे अख्खी जुनी बाजारपेठच नव्या गावात उभी करायची, म्हणजे संगणकाच्या आत दुसऱ्या संगणकाचे सोंग उभे करायचे. याला इम्युलेटर म्हणतात. काम होते, पण प्रोसेसरच्या प्रत्येक सूचनेचे सोंग करावे लागले तर वेग मार खातो. दुसरा उपाय स्वस्त आणि हुशारीचा. नव्या बाजाराच्या दाराशी एक खिडकी उघडायची, जिथे जुन्याच नमुन्याचे कागद घेतले जातील. आतल्या माणसाने ते नव्या पद्धतीत उतरवून काम करून आणायचे आणि शेतकऱ्याच्या हातात पुन्हा जुन्याच नमुन्याची पट्टी ठेवायची. आपण दुसऱ्या बाजारात आहोत, हे शेतकऱ्याला कळायचेही कारण नाही.

या दुसऱ्या उपायाचे नाव 'वाइन'.

नाशिकची नव्हे, ही दुसरी वाइन

नाशिक जिल्ह्यात वाइन म्हटले की डोळ्यांपुढे द्राक्षमळे येतात. या वाइनचा त्यांच्याशी संबंध नाही. 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर' या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. म्हणजे आपण सोंग करीत नाही, हे नावातच सांगून टाकलेले. विंडोज ३.१ वरील कार्यक्रम लिनक्सवर चालावेत या हेतूने १९९३ साली बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी हा प्रकल्प सुरू केला. पुढच्याच वर्षी त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार यांच्याकडे गेली आणि तीन दशके उलटून गेल्यावरही ती त्यांच्याकडेच राहिली. प्रकल्पाची '१.०' ही पहिली पक्की आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, म्हणजे प्रारंभानंतर १५ वर्षांनी. इतका उशीर का लागला, याचे उत्तर कामाच्या स्वरूपातच आहे.

विंडोजचा मूळ कार्यक्रम-मजकूर मायक्रोसॉफ्टने खुला केलेला नाही. वाइनच्या कार्यकर्त्यांना तो पाहण्याची मुभाही नाही, कारण तो पाहून लिहिले तर कॉपीराइटचा भंग होईल. त्यामुळे बाहेरून निरीक्षण करायचे : अमुक विनंती केली की विंडोज काय उत्तर देते, चुकीची विनंती केली तर कोणत्या प्रकारे नकार देते, आणि मग तसेच वागणारी दुसरी वस्तू स्वतःच्या हाताने घडवायची. गंमत म्हणजे विंडोजच्या चुकाही तशाच्या तशा घडवाव्या लागतात, कारण कित्येक खेळ त्या चुका गृहीत धरूनच लिहिलेले असतात. फेब्रुवारी २००४ मध्ये विंडोज एनटी ४ व विंडोज २००० यांच्या मूळ मजकुराचा काही भाग इंटरनेटवर फुटला, तेव्हा तो पाहिलेल्या कोणीही वाइनला हातभार लावू नये, अशीच भूमिका प्रकल्पाने घेतली. आयती उत्तरपत्रिका समोर आली असता ती न उघडण्याचे हे पथ्य प्रकल्पाला पुढे उपयोगी पडले.

हे कायदेशीर आहे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. विनंत्यांच्या ठरलेल्या नमुन्यांचा पुनर्वापर हा विषय गूगल व ओरॅकल यांच्यातील दीर्घ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलने केलेला वापर न्याय्य ठरविला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ स्वतंत्रपणे तयार केलेला कार्यक्रम इतर कार्यक्रमांशी जुळवून घेण्यास आवश्यक ती माहिती मिळविण्याची मुभा देते. अट एवढीच, की तो कार्यक्रम आपल्याकडे रीतसर असावा आणि ती माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसावी. मायक्रोसॉफ्टनेही पुढे या प्रकल्पाशी वैर धरलेले दिसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'मोनो' हा आपल्या ताब्यातील प्रकल्प कंपनीने वाइनच्याच स्वाधीन केला.

चित्रांचा पेच आणि एका खेळाडूचा हट्ट

फायली उघडणे, चौकटी काढणे हे वाइनला लवकर साधले. खेळांचे खरे दुखणे होते चित्रांचे. विंडोज ९५ च्या काळात, १९९५ साली, मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी 'डायरेक्टएक्स' ही स्वतंत्र व्यवस्था आणली. त्रिमिती दृश्ये, प्रकाश, सावल्या, पाण्यावरचे तरंग हे सारे काम ग्राफिक्स कार्डाकडून करवून घेण्याची ती रीत होय. ती केवळ विंडोजची. लिनक्सवर याच कामासाठी 'ओपनजीएल' होते, पण दोहोंची घडण इतकी निराळी की एकातून दुसऱ्यात उतरविताना वेळ जाई. सेकंदाला ६० चित्रे काढायची असतील तर प्रत्येक चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. भाषांतरात त्यांतले दहा गेले तर खेळाचे भजे होणारच. म्हणून २००० च्या दशकात आपल्याकडच्या संगणकवेड्या तरुणांमध्ये लिनक्सविषयी आस्था असूनही 'खेळापुरते विंडोज' ठेवण्याची पद्धत पडली. पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय'सारखी संमेलने भरत, सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली आणली. परंतु घरी गेल्यावर खेळायला विंडोजच.

बदल घडला तो 'व्हल्कन'मुळे. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेली ही नवी चित्ररीत कोणा एका कंपनीची मिरास नाही आणि ग्राफिक्स कार्डाच्या अगदी निकट जाऊन ती काम करते. फिलिप रेबोले या तरुणाला 'निअर : ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. तेवढ्यासाठी त्याने डायरेक्टएक्सच्या विनंत्या व्हल्कनमध्ये उतरविणारा 'डीएक्सव्हीके' नावाचा कार्यक्रम लिहायला घेतला. २०१८ च्या आरंभी तो लोकांसमोर आला. आपल्या आवडीच्या एका खेळासाठी केलेला हा उद्योग हजारो खेळांच्या उपयोगी पडला.

त्याला बळ दिले ते 'व्हॉल्व्ह' या अमेरिकी कंपनीने. संगणकाचे खेळ विकणारे 'स्टीम' हे जगातील मोठे दुकान तिचेच. कंपनीचे प्रमुख गेब न्यूएल स्वतः १३ वर्षे मायक्रोसॉफ्टमध्ये होते. २०१२ साली विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्ट स्वतःचे दुकान थाटत असल्याचे दिसताच, आपला सारा धंदा दुसऱ्याच्या जागेत आहे, ही जाणीव त्यांना झाली आणि त्यांनी विंडोज ८ ला जाहीरपणे दूषणे दिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ मधील 'स्टीम मशीन' हा त्यांचा पहिला मोठा प्रयत्न सपशेल फसला, कारण लिनक्ससाठी मुद्दाम खेळ बनवायला कंपन्या तयार झाल्या नाहीत. त्यातून व्हॉल्व्ह एवढे शिकली, की खेळ बनविणाऱ्यांची मनधरणी करण्याऐवजी त्यांचे विंडोजचेच खेळ उचलून चालवावेत. ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर जोडकामे एकत्र बांधून 'प्रोटॉन' या नावाने स्टीममध्ये बसविण्यात आली. पहिल्या अधिकृत यादीत अवघे २७ खेळ होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हा हातात धरण्याजोगा संगणक विक्रीस आला, त्यात विंडोज नव्हतेच. मार्च २०२५ मध्ये तर लिनक्सच्या ६.१४ या आवृत्तीच्या गाभ्यातच 'एनटीसिंक' हा भाग घालण्यात आला. विंडोजच्या कार्यक्रमांतील एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा मेळ घालण्याची रीत लिनक्सने आपल्या पोटात घेतली, ती मुख्यतः खेळांसाठी. ॲपलने २०२३ मध्ये मॅकसाठी काढलेल्या खेळ-साधनपेटीचा पायाही वाइनचाच आहे. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा प्रथमच ३ टक्क्यांच्या पुढे गेला. आकडा लहान आहे, पण विंडोज १० ची मुदत संपली तो महिना हाच, हे लक्षात घेण्याजोगे.

जुन्या यंत्राची कुंडली

आता मुद्दा कळवणचा. किंबहुना सुरगाणा, सटाणा, देवळा यांपैकी कोणत्याही गावचा. जुना संगणक उघडून प्रथम पाहायचे ते प्रोसेसरची पिढी. इंटेलच्या नावात 'आय ५' किंवा 'आय ३' यापुढे चार आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा पिढी सांगतो. ६५०० म्हणजे सहावी, ३४७० म्हणजे तिसरी.

सहाव्या आणि सातव्या पिढीची यंत्रे या साऱ्या प्रकरणात भाग्यवान म्हणायची. विंडोज ११ ने त्यांना नाकारले आहे, पण २०१५ पासूनच्या या पिढ्यांतील इंटेलच्या अंगभूत चित्रव्यवस्थेला लिनक्सवर व्हल्कन व्यवस्थित येते. म्हणजे प्रोटॉनचा मुख्य रस्ता त्यांना मोकळा आहे. प्रणाली बदलल्याने यंत्राची ताकद मात्र वाढत नाही, हे विसरता कामा नये. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर जो नवा भव्य खेळ विंडोजमध्ये रखडत होता, तो लिनक्सवरही रखडेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे खेळ आणि आजचे लहान, कल्पक खेळ हे त्याचे खरे क्षेत्र.

तिसऱ्या-चौथ्या पिढीवर व्हल्कन अर्धवट आहे आणि डीएक्सव्हीकेच्या नोव्हेंबर २०२२ नंतरच्या आवृत्त्यांना ते पुरत नाही. तेथे वाइनची जुनी वाट, म्हणजे ओपनजीएलमधून भाषांतर, वापरावी लागते. डायरेक्टएक्स ९ च्या काळातील, साधारण २००३ ते २००८ मधील खेळांना ती बऱ्याचदा पुरते. त्याहून जुन्या यंत्रावर हट्ट धरू नये. शिवाय या कोणत्याही प्रयोगाआधी यंत्रात एसएसडी बसविली आणि चार जीबीची रॅम आठ केली, तर खर्चाच्या मानाने फरक सर्वांत मोठा पडतो. दुरुस्तीच्या दुकानात हे काम तासाभरात होते.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत. नवख्याने 'लिनक्स मिंट'सारखा विंडोजशी मिळताजुळता अवतार घ्यावा. तो पेनड्राइव्हवर घालून, संगणकातील काहीही न पुसता, नुसता चालवून पाहता येतो. वाय-फाय चालते का, आवाज येतो का, मराठी टंकलेखन जमते का, हे तेथेच कळते. पटले तर मग विंडोजच्या शेजारी वेगळी जागा देऊन बसवावा. संगणक सुरू होताना दोहोंपैकी एक निवडता येते. स्टीमवरील खेळांना त्यानंतर फारसे काही करावे लागत नाही. खेळाच्या गुणधर्मांत जाऊन 'कंपॅटिबिलिटी' या सदरात प्रोटॉनची आवृत्ती निवडली की झाले. एपिक किंवा जीओजी या दुकानांतील खेळांसाठी 'हिरोइक', तर इतरांसाठी 'लुट्रिस' आणि 'बॉटल्स' हे कार्यक्रम मोफत मिळतात. पहिल्यांदा खेळताना चित्र मधूनमधून अडखळते. दृश्यांचे बारके कार्यक्रम तेव्हा नव्याने तयार होत असतात; थोड्या वेळाने ते थांबते. नवे मोठे खेळ शंभर जीबीच्या घरात जातात, त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर ते उतरविण्याच्या फंदात न पडलेले बरे.

ज्या संगणकावर दुकानाची टॅली आहे, अंगठ्याच्या ठशाचे यंत्र जोडलेले आहे किंवा श्री-लिपीत छपाईची कामे होतात, त्यावर हा प्रयोग करू नये, हे येथेच सांगितलेले बरे. लेकाच्या खेळापायी बापाचा हिशोब अडकला, तर लिनक्सचे नाव त्या घरात पुन्हा निघायचे नाही.

दारावरचा पहारेकरी

इतके सारे जुळले तरी काही खेळ चालत नाहीत, आणि दुर्दैवाने मुलांना हवे असतात तेच. कारण तांत्रिक कमी आणि धोरणात्मक अधिक आहे. इंटरनेटवर इतरांबरोबर खेळायच्या खेळांत लबाडी रोखण्यासाठी पहारेकरी कार्यक्रम असतात. त्यांतले काही प्रणालीच्या अगदी गाभ्यात शिरून बसतात. वाइन खेळाच्या विनंत्यांचे भाषांतर करते. पण ज्या पहारेकऱ्याला विंडोजच्या गाभ्यातच बसायचे आहे त्याच्यासाठी गाभा कोठून आणणार? २०२० मध्ये आलेला 'व्हॅलोरंट' त्यामुळेच लिनक्सवर चालत नाही. 'फोर्टनाइट' व संगणकावरील 'पबजी' यांचेही दरवाजे बंद आहेत.

यातली खरी मेख अशी, की 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटलआय' या दोन प्रचलित पहारेकऱ्यांनी सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनशी जमवून घेण्याची सोय जाहीर केली. कळ दाबायची की नाही, हे मात्र खेळ बनविणाऱ्यावर सोपविले. काहींनी दाबली, काहींनी नाही. काहींनी दाबलेली परत घेतली : 'एपेक्स लीजंड्स' हा खेळ २०२२ पासून लिनक्सवर चालत होता, लबाडीचे कारण देऊन ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या कंपनीने लिनक्सवरील खेळाडूंना बाहेर काढले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'जीटीए ५' च्या ऑनलाइन भागाला बॅटलआय लावण्यात आले आणि लिनक्सवाल्यांना तो बंद झाला. एकट्याने खेळायची कथा तेवढी शिल्लक राहिली. काल चालणारा खेळ आज परक्याच्या एका निर्णयाने थांबू शकतो, ही टांगती तलवार विनापाठबळ प्रणालीवर कायम राहते. जो मुलगा केवळ व्हॅलोरंटच खेळतो, त्याच्या घरी लिनक्स हा तोडगा नाही, असे स्वच्छ सांगितलेले चांगले. 'काउंटर-स्ट्राइक २' आणि 'डोटा २' मात्र लिनक्सवर कोणत्याही भाषांतराविना चालतात, कारण ते व्हॉल्व्हचेच. 'झिरो एडी' हा 'एज ऑफ एम्पायर्स'च्या वळणाचा मोफत खेळही तसाच. त्यात मौर्यांचे सैन्य घेऊन लढता येते.

जुन्या सीडींचे काय?

एक उलटी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. पाठबळ नाकारण्यात विंडोज स्वतःही मागे नाही. नव्वदच्या दशकातील अनेक खेळ १६-बिट पद्धतीचे, किंवा खेळ ३२-बिट पण तो बसविणारा कार्यक्रम १६-बिट, असे होते. ६४-बिट विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. सीडीवर 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असलेले खेळ २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणास्तव बंद केले. स्टीमनेही जानेवारी २०१९ पासून एक्सपी व व्हिस्टाला आणि जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ व ८ ला रामराम ठोकला. अशा वेळी १६-बिट कार्यक्रम ६४-बिट लिनक्सवर वाइनमधून चालू शकतात. विंडोजचा जुना खेळ विंडोजवर चालत नाही, लिनक्सवर चालतो! सेफडिस्कच्या बाबतीत मात्र वाइनवरही भरवसा ठेवता येत नाही.

'डेव्ह', 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे त्याही आधीचे, डॉसच्या काळ्या पडद्यावरचे खेळ. त्यांच्यासाठी वाइन नको, २००२ पासून उपलब्ध असलेला 'डॉसबॉक्स' हवा. तो खराखुरा इम्युलेटर आहे. पण १९९० च्या संगणकाचे सोंग वठविणे आजच्या यंत्राला डाव्या हातचा मळ असल्याने वेगाचा प्रश्न येत नाही.

'क्रिकेट ०७' ची कथा वेगळी. ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर २००६ मध्ये आणलेल्या या खेळानंतर त्या कंपनीने संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही, आणि आपल्याकडे तो अजून हातोहात फिरतो. फिरतो तो मात्र मूळ सीडीने नव्हे, तर कुलूप फोडलेल्या प्रतीच्या रूपाने, पेनड्राइव्हवरून. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात धोका आहे. कुलूप फोडणारी ती लहानशी फाइल कोणी बनविली, तिच्यात आणखी काय दडविले, हे सांगता येत नाही. दुरुस्त्या थांबलेल्या विंडोज १० वर ती चालविणे म्हणजे कडी काढलेल्या दाराने अनोळखी माणसाला आत घेणे होय. आणि लिनक्सवर गेल्याने हा धोका आपोआप टळतो, असेही नाही. वाइन विंडोजच्या कार्यक्रमाला 'झेड' ड्राइव्हच्या रूपाने लिनक्सच्या फायली दाखविते. ज्या वापरकर्त्याच्या नावाने खेळ चालतो त्याचे फोटो, कागदपत्रे, सारे त्या कार्यक्रमाच्या हाताशी असते. म्हणून खेळासाठी संगणकावर वेगळा वापरकर्ता उघडावा आणि बँकेचे व्यवहार त्या खात्यातून करू नयेत.

विंडोज पुसण्यापूर्वी आणखी एक काम करायचे असते आणि नेमके तेच राहून जाते. खेळात महिनोन्‌महिने केलेली प्रगती ज्या फायलींत असते, त्या स्टीमच्या सर्व्हरवर जातातच असे नाही. बहुतेक खेळ त्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये किंवा 'ॲपडेटा' या लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात. त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. वाइन आपल्या पोटात 'ड्राइव्ह सी' नावाचे फोल्डर बाळगते आणि त्यात विंडोजमध्ये असते तशीच वापरकर्त्याच्या नावाची मांडणी असते. प्रोटॉन तर प्रत्येक खेळाला असे स्वतंत्र फोल्डर देतो. खेळ एकदा सुरू करून बंद करावा, म्हणजे ही फोल्डरे तयार होतात. मग जुन्या फायली त्याच नावाच्या जागी ठेवाव्यात. मूळ फाइलच्या नावातील लहान-मोठी अक्षरे मात्र बदलू नयेत.